नाथांनी पाणी पाजले ते गाढव कोणाचे होते?



फाल्गुन वद्य षष्ठी, म्हणजे नाथषष्ठी, जवळ आली की आपल्या वाशिम जिल्ह्यात गावोगावी सप्ताह बसतात, आणि त्यात एक तरी कीर्तन नाथमहाराजांच्या चरित्रावर होतेच. मी चाळीस वर्षे ही सेवा केली. आता गुडघे उभे राहू देत नाहीत म्हणून वीणा पुढच्या पिढीच्या हाती दिली आहे. पण नाथचरित्रातला जो प्रसंग मी सर्वांत जास्त वेळा सांगितला, तो या वयात मला स्वस्थ बसू देत नाही. तो प्रसंग काशीच्या कावडीचा.

तुम्हां सर्वांना तो पाठ आहे. शांतिब्रह्म एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघाले आहेत. महिनोन्‌महिने खांद्यावर वाहिलेले पाणी, रामेश्वराच्या अभिषेकाचे. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले दिसते. नाथ कावड उतरवतात आणि ते पाणी गाढवाच्या तोंडात ओततात. बरोबरचे यात्रेकरू हळहळतात. नाथ शांतपणे सांगतात की माझी पूजा इथेच रामेश्वराला पावली.

मी हे सांगताना यात्रेकरूंचे आवाज काढत असे. लोक हसत. मग गाढव उठून उभे राहते त्या ठिकाणी मृदंग थांबे, मंडप स्तब्ध होई, आणि मी सर्वांभूती भगवद्भाव हा सिद्धांत मांडून पुढे जाई.

काही वर्षांपूर्वी रिसोड तालुक्यातल्या एका गावी कीर्तन आटोपून मी बसलो होतो. महाप्रसादाची पंगत चालू होती. वीटभट्टीवर गाढवांच्या पाठीवरून माती वाहणारा एक माणूस आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, एक इचारू काय? नाथबाबानं पानी पाजलं, थे गाढव कोनाचं होतं?"

मी हसलो. म्हणालो, "कोणाचं का असेना बाबा, देवाचं होतं."

तो म्हणाला, "देवाचं त व्हयच महाराज. पन गाढव काही रानातून येत नाही. त्याले कोनीतरी ओझं वाहाले आनलं असन. दमलं म्हून वाळूत सोडून देल्लं असन." मग जरा थांबून म्हणाला, "माह्ये दोन गेले. रातच्यानं चराले सोडले होते. सकाळी पाह्यलं त नाहीत. लोक म्हन्तात कातड्यासाठी नेतात."

त्याची बायको मागे उभी होती. ती एवढेच बोलली, "आता थ्या गाढवाचं ओझं माह्या डोक्यावर हाय."

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. गाढवाच्या कातड्याचे कोणी काय करीत असेल, हेही मला ठाऊक नव्हते. घरी आल्यावर औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या नातवाला विचारले. त्याने जे सांगितले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण आपल्या पंथाने विचार करावा असे त्यात बरेच आहे.

चीन देशात 'एजियाओ' नावाचे एक जुने औषध आहे. शानदोंग प्रांतातील दोंग-अ या गावावरून त्याला नाव पडले. गाढवाचे कातडे पाण्यात भिजवतात, केस खरवडून काढतात आणि ते खूप वेळ उकळतात. त्यातून निघालेला चिकट रस गाळून, आटवून, थंड करून त्याच्या वड्या पाडतात आणि वाळवतात. आपल्या सुताराकडे जी सरस असे, तिचीच ही जात. फार जुन्या काळी ती गाईबैलांच्या कातड्यापासूनही होत असे. पुढे गाढवाचे कातडेच खरे असे ठरले. रक्त वाढते, चक्कर थांबते, कोरडा खोकला जातो, झोप लागते, बाळंतिणीला शक्ती येते, असे तिचे गुण त्यांच्या वैद्यकात सांगितले आहेत.

एके काळी हे औषध थोड्यांना मिळे. आता चिनी लोकांच्या हाती पैसा आला आणि एजियाओ घरोघर गेली. अक्रोड, तीळ, खजूर घालून तिची मिठाई होते, सणाला भेट म्हणून डबे देतात, तोंडाला लावायच्या मलमातही ती असते. १९९०च्या सुमारास चीनमध्ये एक कोटीहून अधिक गाढवे होती. आता ती वीस लाखांच्याही खाली आली आहेत. गाढवीण सुमारे बारा महिने गाभण असते आणि एकच शिंगरू देते, त्यामुळे तोटा लवकर भरून निघत नाही. मग कातडी दुसऱ्या देशांतून येऊ लागली. गाढवांसाठी काम करणाऱ्या 'द डाँकी सँक्च्युअरी' या इंग्लंडमधील संस्थेने २०२४ साली अंदाज दिला, की या एका औषधापायी जगात वर्षाला एकोणसाठ लाख गाढवे मारली जातात.

आफ्रिकेतल्या गरीब देशांत गाढव म्हणजे पाण्याची गाडी, सरपणाची गाडी आणि बाजाराची गाडी. तिथे रात्री गाढवे चोरीला जाऊ लागली आणि सकाळी बाया-मुली डोक्यावर हंडे घेऊन निघू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या राष्ट्रांच्या संघाने कातड्यासाठी गाढव मारण्यावर अख्ख्या खंडात बंदी घालण्याचा निर्णय घेतला. नातू हे वाचून दाखवीत होता आणि मला रिसोडकडची ती बाई दिसत होती.

आपल्या देशात तरी काय आहे? २०१२च्या पशुगणनेत भारतात तीन लाखांवर गाढवे होती. २०१९च्या गणनेत सव्वा लाखाच्या आसपास उरली. महाराष्ट्रातली घट चाळीस टक्क्यांच्या जवळ आहे. सारा दोष कातड्याचाच नाही. ट्रॅक्टर आले, चराऊ रान संपले, जुने धंदे बसले. पण 'ब्रुक इंडिया' या संस्थेने २०२२ साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात चोरी, बेकायदा कत्तल आणि कातड्यांची चोरटी निर्यात ही कारणेही आली आहेत. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. रंगपंचमी हा तिथला मोठा दिवस, आणि दुसऱ्याच दिवशी पैठणला नाथषष्ठी. इकडे गाढवाचा भाव ठरतो आणि तिकडे गाढवात देव पाहणाऱ्याचा उत्सव होतो. हे दोन दिवस इतके लागून आहेत हे माझ्या ध्यानात यायला सत्तरी उलटावी लागली.

आता पूर्वपक्ष मांडला पाहिजे. कोणी म्हणेल, "बुवा, औषधाला विधिनिषेध लावू नये. माणसाचा जीव मोठा. गाढवाचे कातडे उकळून एखाद्या मायबहिणीचे दुखणे जात असेल तर तुमची भूतदया तिच्या आड का?" हा प्रश्न खोटा नाही. मलाही तो एकदा अंगावर घ्यावा लागला आहे.

माझ्याबरोबर बरीच वर्षे टाळ धरणारा एक माळकरी. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि अकोल्याला दवाखान्यात नेले. तिथे हेपॅरिन नावाचे, रक्त गोठू न देणारे इंजेक्शन देत होते. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात, असे त्याला कोणाकडून तरी कळले. ती गोष्ट खरी आहे. तो मला फोनवर म्हणाला, "बुवा, माळ काढून ठेवू का?" मी म्हणालो, "माळ गळ्यात राहू दे आणि इंजेक्शनही घे." मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. त्याला तीन लेकरे होती, आणि त्या घडीला डॉक्टरांच्या हाताशी जे होते ते तेच होते.

मग एजियाओला नाव ठेवण्याचा मला अधिकार काय? डुकराचे चालते आणि गाढवाचे का नाही? गाढवाला नाथांनी पाणी पाजले एवढेच कारण असेल, तर डुकरातही तोच आत्मा आहे. ज्ञानोबारायांनी पैठणला रेड्यामुखी वेद बोलवले तेव्हा जनावराची जात आड आली नाही. तेव्हा निवाडा जनावराच्या नावावर होणार नाही. तो घेणाऱ्याच्या मनावर करावा लागेल. मी बराच काळ विचार केला आणि तीन प्रश्नांशी येऊन थांबलो.

पहिला प्रश्न, गरज खरी आहे काय? माझ्या टाळकऱ्याचा जीव जात होता. रोज सकाळी मिठाईसारखी खायची वडी किंवा चेहऱ्याला लावायचे मलम हे औषध नव्हे, औषधाचे नाव घेतलेला शौक आहे. चारशे वर्षांपूर्वी चीनमधल्या एखाद्या खेड्यात रक्त कमी झालेल्या बाळंतिणीला तिच्या आईने ती वडी दिली असेल, तर त्या आईला मी हात जोडीन. तिच्यापुढे दुसरे काय होते?

दुसरा प्रश्न, दुसरी वाट शोधली काय? आज रक्त वाढवायला लोहाची गोळी आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गरोदर बाईला फुकट मिळते. मधुमेहाचे इन्सुलिन साठ वर्षे गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. शोधणाऱ्यांनी वाट शोधली आणि १९८२ पासून ते जनावर न मारता बनू लागले. त्या शास्त्रज्ञांनी हा विचार दयेपोटी केला की सोयीसाठी, हे पाहण्याचे आपल्याला कारण नाही. त्यांच्या हातून पुण्य घडले. चिनी वैद्यकानेही असे पाऊल टाकलेले आहे. खवल्या मांजराचे खवले त्यांनी २०२० साली आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून काढून टाकले. परंपरा मोडली नाही आणि तिच्यातली एक गोष्ट सुटली. हे आपणही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न त्या वीटभट्टीवाल्याचा. ते कोणाचे होते? औषध घेणाऱ्याने पैसे मोजले म्हणजे किंमत चुकली असे नाही. जनावराने जिवाने मोजली. ज्याचे पोट त्या जनावरावर होते त्याने भाकरीने मोजली. त्याच्या बायकोने मानेने मोजली. किंमत ज्यांनी दिली त्यांतल्या कोणालाही विचारले गेले नाही, आणि औषध घेणाऱ्याला त्यांची तोंडेही माहीत नाहीत. जिथे घेणारा आणि देणारा यांच्यात इतके अंतर पडते, तिथे पाप कोणालाच दिसत नाही. नाथांना ते गाढव दिसले, कारण ते पायी चालत होते.

इथवर चीनची गोष्ट झाली. आता आरसा आपल्याकडे फिरवतो, आणि आधी स्वतःकडे.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझे गुडघे प्रथम धरले. वारी चुकू नये म्हणून जीव कासावीस झालेला. एका ओळखीच्या माणसाने बाटली आणून दिली. म्हणाला, "बुवा, घोरपडीचं तेल हाय, महिनाभर चोळा." मी किंमत विचारली, घोरपडीचे काय झाले ते विचारले नाही. घोरपड मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही तेव्हा मनात आले नाही. रात्री तेल चोळून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच गुडघ्यांवर उभा राहून नाथांचे गाढव सांगितले. लोक हसले, मग स्तब्ध झाले, आणि मला काही टोचले नाही. गुडघे काही बरे झाले नाहीत. पण बरे झाले असते तरी माझा दोष कमी झाला नसता, हे इथे लिहून ठेवतो. औषध लागू पडले की नाही यावर पापपुण्य ठरत नाही.

शेजारच्या हिंगोलीत काही वर्षांपूर्वी गाढविणीचे दूध चमचाभर शंभर रुपयांना, म्हणजे लिटरला दहा हजारांच्या भावाने विकले जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. वाशिमच्या गल्ल्यांतूनही गाढवीण घेऊन फिरणाऱ्या बाया "लेकराले दूध पाजा" म्हणून हाळी देत. एकखुरी जनावरांच्या दुधाचे गुण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत सांगितले आहेत. त्या दुधाने सगळे रोग जातात ही समजूत मात्र भाबडी आहे. तान्ह्या लेकराचा खोकला डॉक्टरांना दाखवावा. तरी त्या बाईत आणि कातडे नेणाऱ्यात मला फरक दिसतो. तिची गाढवीण संध्याकाळी तिच्याबरोबर घरी जाते. ती मेली तर हिची चूल विझते, म्हणून ती तिला जपते. त्यातही शिंगराच्या वाट्याचे दूध किती ठेवले, हे विचारायचे राहतेच.

माळकरी मंडळी मला अजून एक गोष्ट विचारतात. कॅप्सूल घ्यावी की नाही? कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते. म्हणजे नात्याने ते एजियाओचेच भावंड. चिन्यांना हसण्याआधी आपल्या औषधाच्या डब्यात पाहावे ते यासाठी. माझे उत्तर असे. डॉक्टरांना नम्रपणे विचारा, हेच औषध साध्या गोळीत किंवा वनस्पतीच्या कवचात मिळेल काय. पुष्कळदा मिळते. मिळत नसेल आणि गरज असेल तर घ्या, मनातल्या मनात त्या अनोळखी जीवाला नमस्कार करून घ्या, आणि मुळीच लपवू नका. औषध बंद करून देह झिजवणे हे व्रत नव्हे. पण ताकद यावी, कांती यावी म्हणून कोणी बाटली किंवा डबा पुढे केला, तर माझ्यासारखी फक्त किंमत विचारू नका.

वारकऱ्याची अहिंसा ताटापुरती नसावी, एवढेच मला सांगायचे आहे. आपण ताट तपासतो ते चांगलेच आहे. चोळायचे तेल, गिळायची गोळी आणि भेट आलेला डबा यांतही कोणाचे तरी प्राण असू शकतात. आणि त्या प्राण्यामागे कोणी माणूस असतो; बहुधा तो आपल्या पंगतीत सर्वांत शेवटी बसतो.

त्या वीटभट्टीवाल्याला मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. "देवाचं होतं" हे खोटे नव्हते, पण त्या उत्तराने मी त्याला वाटेला लावले. आज मी म्हणेन, बाबा, तू बरोबर ओळखलेस. ज्याचे ओझे वाहून ते थकले त्यानेच त्याला वाळूत सोडले होते. नाथांनी त्याला पाणी पाजले तेव्हा त्या सोडणाऱ्याच्या वतीनेही पाजले. आमच्या वतीनेही पाजले.

शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढीच्या वाटेवर आपल्या जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी जाते. चहापाणी, फराळ यांची सेवा गावोगावी उत्तम होते. माझी एक विनंती आहे. ज्या गावाजवळ वीटभट्टी आहे, तिथल्या भजनी मंडळाने उन्हाळाभर भट्टीजवळ पाण्याचा एक हौद भरून ठेवावा, आणि गाढवे रात्री कुठे बांधतात, त्यांच्यावर नजर कोण ठेवतो, हे त्या मालकांना जाऊन विचारावे. काम करणाऱ्याचे एखादे जनावर नाहीसे झाले तर त्याच्याबरोबर ठाण्यात जाऊन तक्रार लिहून द्यावी. एकट्या गरिबाचे गाढव हरवले तर लोक हसतात; दहा टाळकरी बरोबर गेले तर हसणार नाहीत.

रामकृष्ण हरी.